पान सत्तेचाळीस, ओळ अकरा

माझी नात पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. मागच्या सुट्टीत आली तेव्हा आपलं काम समजावून सांगत होती. प्रोग्रॅममध्ये सतत बदल होत असतात म्हणे. नवी आवृत्ती गिऱ्हाइकाच्या हाती देताना काय काय बदललं त्याची टीप सोबत द्यावी लागते. आधी ती टीप माणसं लिहायची. आता हिनं आणि हिच्या सोबत्यांनी अशी सोय केली आहे की, बदल झाले रे झाले की टीप आपोआप तयार होते. कोणी पेन उचलायला नको. तिनं एक टीप उघडून दाखवली. चाळीसेक ओळी होत्या. अमुक ठिकाणी अमुक काढलं, तमुक घातलं.

"हे वाचून गिऱ्हाइकाला काय कळतं गं?" मी विचारलं.

"आजी, ते पूर्ण असतं. एकही बदल सुटत नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला. हेच वाक्य मी साठ वर्षांपूर्वी ऐकलं होतं, आणि ते बोलणारं यंत्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कचेरीत बसायचं, तपकिरी कोट घालायचं आणि त्याचं नाव दामोदर खेर्डेकर होतं.

वयानं आणि हुद्द्यानं मोठ्या माणसाला अरे-तुरे करू नये, हे मला ठाऊक आहे. पण सात वर्षं मी त्याला अहो-जाहो केलं, तेवढं पुरे झालं. तो आमचा मोठा कारकून. आमच्याकडे त्या जागेला बडेबाबू म्हणत. कचेरी शाळांची होती; तालुक्यातल्या सगळ्या प्राथमिक शाळांचा कारभार तिथून चाले. मी टायपिस्ट. कचेरीतली पहिली बाई, त्यामुळे माझी खुर्ची दाराशी, वारा लागेल आणि येणारा-जाणारा बघेल अशा जागी ठेवलेली.

राज्य नवं झालं होतं. वऱ्हाड आधी नागपूरच्या राज्यात, मग मुंबईच्या, मग महाराष्ट्राच्या. माणसं तीच, शेतं तीच, नियम मात्र दर खेपेला निराळे. नियमांचं जाडजूड पुस्तक असे आणि त्यात बदल झाला की वरून कागदाची पट्टी येई: पान अमुक, ओळ तमुक, ह्या शब्दाऐवजी तो शब्द वाचावा. पट्टी कापायची आणि पुस्तकात त्या जागी चिकटवायची. खेर्डेकरच्या टेबलावर खळीची वाटी कायम. गव्हाच्या पिठाची खळ घरून शिजवून आणायचा, झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालायचा. कात्री सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधलेली. पट्टी बसवली की तिच्यावरून अंगठा फिरवायचा, हळूच, एकदा, दोनदा. बायकोच्या कपाळावरून तरी या माणसानं कधी असा हात फिरवला असेल का, असं माझ्या मनात यायचं.

या पट्ट्यांवरून दर महिन्याच्या एक तारखेला तो बदलपत्रक काढायचा. तीन रकाने: पान, ओळ, आणि 'याऐवजी हे वाचावे'. मी ते स्टेन्सिलवर टाईप करायचं, गफूरचाचा शिपायानं यंत्राचा दांडा फिरवून प्रती काढायच्या, आणि त्या तालुक्यातल्या एकूण एक शाळेला जायच्या. ही पद्धत खेर्डेकरनं स्वतः बसवलेली. तिचा त्याला भारी अभिमान. "इथं डोकं लावाचं काम नाही, बाई," तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला. "पट्टी आली, का पत्रकात गेली. डोकं लावलं का चूक होते. माह्या पत्रकातून एकही बदल सुटला नाही आजलोक."

हे खरं होतं. एकही सुटला नव्हता. आणि एकही कुणाला कळला नव्हता.

मास्तर लोक पत्रक हातात घेऊन कचेरीत यायचे. "बडेबाबू, म्हणजे कराचं काय आम्ही?" तो चष्म्यावरून बघायचा. "लिहलं ते लिहलं. समजून घेणं वाचणाऱ्याचं काम." 'म्हणजे' हा शब्द त्याला विंचू चावल्यासारखा लागे. मसुद्यात दिसला की लाल पेन्सिलीनं खोडायचा. त्याचं म्हणणं, 'म्हणजे'च्या पुढं जे येतं ते नियमात नसतं, ते कुणीतरी आपल्या पदरचं घातलेलं असतं. मग मास्तर बाहेर जाऊन गफूरचाचाला गाठायचे. चाचाला वाचता येत नव्हतं, पण कचेरीत काय चाललंय ते त्याला बडेबाबूपेक्षा जास्त कळे. बिडी पेटवून तो दोन वाक्यांत सांगून टाकायचा. तालुक्याचा निम्मा कारभार त्या बिडीवर चालला होता, असं म्हटलं तर फार चूक नाही.

लाच? छे. पानाचा विडासुद्धा घेत नसे. घेतली असती तर बरं झालं असतं. निदान माणूस आहे असं वाटलं असतं.

त्याच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. लग्न मेहकरला ठरलं, पत्रिका वाटून झाल्या. मग मुलाकडच्यांनी हट्ट धरला की लग्न आमच्या गावी, धामणगाव बढ्याला. खेर्डेकरनं पाहुण्यांना पोस्टकार्डं टाकली. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं, 'लग्न आता धामणगावला आहे, तिकडे या.' यानं लिहिलं: 'पत्रिकेतील ओळ सहा, मेहकर याऐवजी धामणगाव बढे वाचावे.' ज्यांच्या पत्रिका हळदी-कुंकवाच्या डब्याखाली गेल्या होत्या, त्यांना कुठली पत्रिका आणि कुठली सहावी ओळ! त्यात त्या महिन्यात घरोघरी चार लग्नांच्या पत्रिका आलेल्या. मुलीचा सख्खा मामा अंतरपाट घेऊन मेहकरला देवळापाशी दिवसभर बसला. इकडे धामणगावात कुणाचं तरी धोतर आडवं धरून मंगलाष्टका म्हटल्या. मामा चार दिवसांनी भांडायला आला, तर खेर्डेकर त्याला म्हणतो, "ज्यानं पत्रिका सांभाळली नाही, त्याले लग्नाले बोलावून फायदा काय?"

आम्ही हसलो. कितीतरी दिवस हसत होतो. मीही हसले, आणि त्याचा मला आता राग येतो. कारण तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस कुठल्याही दिवशी कुणाचं तरी मोडेल.

जिल्ह्याहून एक साहेब तपासणीला आले. पत्रकांची फाईल बघून खूश झाले. खेर्डेकर उभा राहून म्हणाला, "साहेब, हे मशीन हाय. मी नसलो तरी चालन." साहेबांनी पाठ थोपटली आणि हाच नमुना जिल्हाभर लागू करायचं ठरवून गेले. त्या दिवशी तो घरी जाताना गुणगुणत होता. बेसूर.

एकदाच तो माझ्याशी थोडं मोकळं बोलला. तो स्वतः नवा कारकून होता तेव्हा कुणाला तरी त्यानं नियम समजावून सांगितला होता, आणि समजावताना चूक झाली होती. त्याला निलंबित केलं. बापानं घरात घेतलं नाही. "तवापासून ठरवलं," तो म्हणाला, "आपल्या पदरचा एक शब्द टाकाचा नाही." हे ऐकून मला दया यायला हवी होती. आली नाही. स्वतःला एकदा चटका बसला म्हणून यानं सगळ्या तालुक्याची चूल विझवली होती.

आता इंगळे गुरुजी.

सखाराम इंगळे. संग्रामपूरकडच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका वस्तीवर त्यांची एकशिक्षकी शाळा होती. होती म्हणजे त्यांनीच उभी केली होती. त्यांच्याआधी तिथं कुणी मास्तर टिकला नव्हता. चाळीसेक पोरं, त्यातली निम्मी शेळ्यांमागून ओढून आणलेली. बौद्ध माणूस. अंगात धुतलेला पांढरा सदरा, बोलणं हळू, आणि कागदावर विश्वास. माणसांवर ठेवून पाहिला असेल, मग कागदावर ठेवला असेल. बाजाराच्या दिवशी सगळे मास्तर एका हॉटेलात बसत, नियमांच्या बातम्या तिथं तोंडातोंडी फिरत. गफूरचाचाची बिडीही तिथंच पेटे. पण त्या हॉटेलात इंगळे गुरुजींची कपबशी वेगळी ठेवत, खिडकीच्या फळीवर. म्हणून ते तिथं बसत नसत. त्यांच्यापर्यंत पोचणारी एकच गोष्ट होती: आमचं बदलपत्रक.

गुरुजींचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं. अशा मास्तरांना प्रशिक्षणासाठी अर्ज करता येई, पण पस्तिशी उलटायच्या आत निवड झाली तरच. नाहीतर नोकरी संपली. त्या वर्षी गुरुजींची शेवटची संधी होती. अर्ज दरवर्षी जूनअखेर घेत. आणि त्या वर्षी मार्चमध्ये पट्टी आली: 'पान ४७, ओळ ११, जून याऐवजी एप्रिल वाचावे.'

मी स्टेन्सिल कापत होते. समोर पुस्तक होतं, पान उघडून पाहिलं, आणि मला कळलं की हे अर्जांचं आहे. मी त्या ओळीखाली आणखी एक ओळ टाईप केली: 'म्हणजे प्रशिक्षणाचे अर्ज या वर्षी एप्रिलअखेर पोचले पाहिजेत.'

खेर्डेकरनं स्टेन्सिल उजेडासमोर धरली.

"हे कोणी लिहाले सांगतलं?"

"कोणी नाही. मास्तरांना कळावं म्हणून."

"सही कोणाची हाय याच्याखाली? तुमची? उद्या वरून आलं का असं नव्हतं, त तुम्ही जबाबदार राहान काय?"

माझी नोकरी तीन-तीन महिन्यांच्या मुदतवाढीवर होती आणि मुदतवाढीची शिफारस त्याच्या हातात होती.

"पुसा."

स्टेन्सिलवरची चूक बुजवायला एक लाल औषध असे, नेलपॉलिशसारखं. मी ब्रश घेतला आणि ती ओळ बुजवली. अक्षर न् अक्षर. तो शेजारी उभा राहून बघत होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इंगळे गुरुजी अर्ज घेऊन आले. पहाटेच निघाले असावेत. चपला हातात होत्या, पायांना धूळ. बोटांची टोकं चुन्यानं फुटलेली, अजून न भरलेली. बडेबाबूनं अर्ज बघितला आणि परत सरकवला.

"मुदत गेली."

"जूनअखेर असते ना साहेब?"

"पत्रकात आलं हाय. पान सत्तेचाळीस, ओळ अकरा."

गुरुजींचा चेहरा उजळला, हे मी कधी विसरणार नाही. त्यांना वाटलं, कुठंतरी घोटाळा झालाय आणि आता तो सुटणार. "ते त मी केलं साहेब!" ते म्हणाले. "ते लागलंच केलं. एप्रिलातच केलं."

"काय केलं?"

"चुना. शाळेले चुना लावला. पोरं निंबाखाली बसवली आन् चार दिवसात सारी शाळा पांढरी केली."

त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. ते जुन्या राज्यातलं पुस्तक होतं, नागपूरला छापलेलं. नवं पुस्तक त्यांच्या वस्तीपर्यंत कधी गेलंच नव्हतं. त्या जुन्या पुस्तकात सत्तेचाळीसाव्या पानावर शाळेच्या इमारतीची निगा होती. 'दरवर्षी जून महिन्यात भिंतींस चुना द्यावा.' ती ओळ नववी होती, अकरावी नव्हे. पण त्या पानावर 'जून' एकदाच होता, म्हणून गुरुजींनी मथळ्याच्या दोन ओळी मोजल्या आणि हिशेब जुळवला. तिथं त्यांनी पट्टी चिकटवली होती. स्वतःच्या हातानं लिहून, सुबक अक्षरात: एप्रिल.

मी पुस्तक चाळलं. आमचं प्रत्येक पत्रक त्यात होतं. इतकी वर्षं दर महिन्याला या माणसानं आमच्या पट्ट्या कापल्या होत्या आणि चुकीच्या पुस्तकात, अगदी बरोबर जागी, चिकटवल्या होत्या. जिथं अर्थ लागत नव्हता तिथंही. इतकं नेटकं पुस्तक कचेरीतही नव्हतं.

खेर्डेकरनं ते हातात घेतलं, दोन-चार पट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "पट्ट्या बाकी नीट लावल्या."

मग म्हणाला, "पण पुस्तक जुनं हाय."

"नवं आमाले कोणी देल्लंच नाही, साहेब."

"मागायले पाह्यजे होतं. जुन्याऐवजी नवं पुस्तक वाचावं, हे पत्रकात येऊन गेलं."

गुरुजी हात जोडून उभे होते. चाळीस पोरांचा मास्तर, एका कारकुनापुढं हात जोडून. "माहं वय सरून राह्यलं साहेब. पुढच्या साली मले घेणार नाहीत. मी गेलो त शाळा बंद पडन. काहीतरी करा."

"मी काय करणार? लिहलं ते लिहलं."

लोक खेर्डेकरच्या बाजूनं सांगतात की त्यानं कधी जात पाहिली नाही, सगळ्यांशी सारखाच वागला. बरोबर आहे. ज्याला समोरचा माणूसच दिसत नाही त्याला जात कुठून दिसणार?

गुरुजी माझ्या टेबलापाशी आले. त्यांच्या हातात मार्चचं पत्रक होतं, चौघडी घातलेलं. त्यांनी ते उलगडलं आणि त्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. बाकी सगळ्या ओळी दाटीनं, तिथं मात्र एक ओळभर मोकळं, आणि शाईचा एक पुसट डाग.

"बाई, इथं काही लिहलं होतं काय? मले वाटलं, शाई लागली नसन."

बडेबाबू चष्म्यावरून माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हटलं. "तिथं काही नव्हतं."

गुरुजींनी मान हलवली. कागद पुन्हा चौघडी घालून खिशात ठेवला.

त्यांचा अर्ज मी गुपचूप टपालात घातला. उशिराचा शेरा मारून तो परत आला. पोळ्याच्या सुमारास त्यांची नोकरी संपली. ते बायको-पोरांना घेऊन खामगावला गेले, तिथं सरकी काढायच्या कारखान्यात कापसाची वजनं लिहीत, असं चाचानं सांगितलं. वस्तीवरच्या शाळेला दीड वर्ष मास्तर मिळाला नाही. पोरं शेळ्यांमागं गेली. शाळा तेवढी पांढरीशुभ्र उभी होती, तालुक्यातली एकुलती एक.

खेर्डेकर निवृत्त झाला तेव्हा त्याला शाल दिली. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच काय ते माझं शौर्य.

त्याला मी शेवटचं पाहिलं त्याला बरीच वर्षं झाली. गुरुजी येऊन गेले त्याला चौदा वर्षं उलटली होती आणि त्याच्या खुर्चीवर आता मी होते. निवृत्त माणसांना वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागे, आणि त्या वर्षी त्यात काही बदल झाला होता. वरून आलेलं पत्रक व्हरांड्यातल्या फळ्याशेजारी लावलं होतं. नमुना त्याचाच, तीन रकाने. दुपारी मी बाहेर आले तर तो तिथं उभा होता. कोट तोच, आत माणूस निम्मा राहिला होता. एका ओळीवर बोट ठेवून उभा. पुस्तक त्यानं निवृत्त होताना कचेरीत जमा केलं होतं.

मला पाहून त्यानं चष्मा पुसला. "बाई," तो म्हणाला, "दोनदा दाखला धाडला, दोनदा परत आला. हे पान बारा, ओळ चार... म्हणजे काय कराचं?"

म्हणजे! मी चौदा वर्षं हा शब्द त्याच्या तोंडून ऐकायची वाट पाहत होते. उत्तर तयार होतं, रोज घासूनपुसून ठेवलेलं.

"लिहिलं ते लिहिलं, बडेबाबू. समजून घेणं वाचणाऱ्याचं काम."

तो दुखावेल, ओशाळेल, निदान खाली बघेल असं मला वाटलं होतं. त्यानं काय केलं? मान डोलावली. मनापासून, जुना विद्यार्थी धडा विसरला नाही हे पाहून मास्तर डोलावतो तशी. "हाव," तो म्हणाला. "बराबर बोलल्या." आणि पुन्हा फळ्याकडे वळून त्या ओळीवर बोट ठेवून उभा राहिला. संध्याकाळपर्यंत तसाच उभा राहिला असता.

इतका संताप मला त्याच्यावर आधी कधी आला नव्हता. मी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: 'म्हणजे, दाखला टपालानं चालणार नाही. निवृत्तांनी या महिन्याच्या आत स्वतः इथं येऊन सही करावी.'

त्यानं ते दोनदा वाचलं. आभार मानले नाहीत. बोट माझ्या ओळीच्या शेवटी नेलं. "याच्याखाली सही नाही."

मी सही केली, पूर्ण नावाची.

"आता चुकलं त तुमच्यावर येईन."

"हाव. माझ्यावर येईल."

तो आत गेला, रजिस्टरवर सही केली आणि बाहेर येऊन काठीनं एक एक पायरी चाचपत उतरला. फाटकाशी थांबून त्यानं मागं वळून फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग निघून गेला. मला त्याची कीव आली नाही, आजही येत नाही. मी खडूचे हात झटकत तिथंच उभी होते. एक ओळ लिहायला आणि खाली नाव घालायला मला मिनिटभर लागलं होतं. इंगळे गुरुजींनी कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, तेव्हाही तेवढंच लागलं असतं.